खानदेशी तमाशाचा फड

खानदेशात तमाशाचा फड गावाच्या नावाने ओळखला जातो. मालकाच्या नावापुढे किंवा जोडनावापुढे गाव लागते: भिका-भीमा सांगवीकर, धोंडू-कोंडू पाटील सिंधीकर, आनंद जळगावकर. जत्रेच्या पत्रकावर हेच नाव सर्वांत ठळक छापले जाते आणि आसपासच्या खेड्यांतली माणसे ते वाचूनच गाडी जुंपत, आता मोटरसायकल काढतात. फडाचा तंबू स्वतःचा, ट्रक स्वतःचा, वगही बहुधा फडातच रचलेला. शंभर-दीडशे वर्षे या भागातली रात्रीची करमणूक मुख्यतः अशा फडांनी सांभाळली.

फडाच्या आधीही येथे रात्र जागवण्याची रीत होती, पण ती देवाच्या कामाची. श्रावणात कानबाई देवीच्या रात्री गाणी होत. साक्री-नवापूरकडच्या डोंगरपट्ट्यात मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी या फुंकवाद्याच्या सुरावर फेर धरला जाई. काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करून, तिच्यावरून बोटे ओढत निघणाऱ्या घुमाऱ्यावर कथा सांगायची, ते थाळगान. डफावर रात्रभर चालणारे वहीगायन तर आजही अनेक गावांत ऐकू येते. या सर्वांत गाणारे आणि ऐकणारे एकाच आळीतले असत. तमाशाने यात बदल केला: कलावंत बाहेरगावचे, ठरलेल्या पैशावर आलेले, आणि खेळ उघडपणे लोकांच्या मनोरंजनासाठी. गण गाऊन देवाची आठवण केली की पुढची रात्र माणसांची.

महाराष्ट्रात तमाशाची आजची घडण एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. उमाजी सावळजकरांचा 1865चा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानतात. हा प्रकार उभा केला तो प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी. ज्यांना गावात मान नव्हता त्यांच्यासाठी गाव रात्रभर जागे राहत होते, ही गोष्ट या इतिहासात विसरता येत नाही. सुरुवातीच्या फडांत स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्या करी. स्त्रिया बोर्डावर आल्या त्या नंतर.

खानदेशात फडांना पोसले ते कापसाने. 1818 साली इंग्रजी अमलात आलेला हा मोठा जिल्हा 1906 मध्ये पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. तोवर रेल्वे आली होती, जिनिंगचे कारखाने उभे राहिले होते आणि दिवाळीनंतर कापूस विकून शेतकऱ्याच्या हाती रोकड येऊ लागली होती. फडांचा हंगाम याच पैशाच्या मागे चालतो: दसऱ्याला तंबू उघडतो, वैशाखात मिटतो. मध्ये जत्रांची रांग असते. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो आणि त्याच्या शेजारी तमाशाचे तंबू. चैत्री पौर्णिमेला धुळ्यात एकवीरादेवीची यात्रा, अखाजीच्या म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या आगेमागे गावोगाव बारागाड्या. संध्याकाळी भगत एकमेकींना जोडलेल्या गाड्या ओढतो आणि गाड्या थांबल्या की लोक फडाकडे वळतात. सुपारीचे पैसे गाव वर्गणीतून जमवते, त्यामुळे अशा खेळाला तिकीट नसते. मोठ्या जत्रेत मात्र कनाती लावून तिकिटावर खेळ होतो आणि शेजारच्या तंबूत कोण आले आहे यावर त्या रात्रीचा गल्ला ठरतो.

स्वातंत्र्यानंतर लगेच या धंद्यावर मोठे संकट आले. मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी दाद मागितल्यावर दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारणा समिती नेमली गेली आणि अटी घालून खेळ पुन्हा सुरू झाले. ‘लोकनाट्य’ हा शब्द त्यानंतरच्या काळात रूढ झाला. आज पत्रकांवर ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ असे दोन्ही शब्द शेजारी दिसतात: पहिला परवानगी देणाऱ्यांसाठी, दुसरा पाहणाऱ्यांसाठी.

खेळाचा क्रम ठरलेला आहे. गण, मग गौळण, त्यात पेंद्या आणि मावशी. नंतर बतावणी, लावण्या आणि शेवटी पहाटेपर्यंत वग. खानदेशी फडाचे खरे वेगळेपण बतावणीत आणि वगाच्या संवादांत सापडते. राजा-प्रधान पुस्तकी मराठी बोलतात, सोंगाड्या मात्र अहिराणीत उत्तर देतो. जळगावच्या पूर्वेला तावडी आणि लेवा बोली, पश्चिमेला अहिराणी. हा फरक ज्याला कळतो तो सोंगाड्या गाव बदलले की शब्दही बदलतो. शाळेत, कचेरीत जी बोली गावंढळ ठरत होती, ती हजारो लोकांसमोर दरबाराला निरुत्तर करताना ऐकू येई. अहिराणीला रंगमंच मिळवून देण्याचे श्रेय कोणत्याही साहित्य संमेलनाइतकेच फडांना दिले पाहिजे.

वाद्ये काळाबरोबर बदलली. ढोलकी, तुणतुणे, कडे आणि झांज यांत आधी पेटी मिसळली, मग क्लॅरिनेट, पुढे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. गॅसबत्तीच्या जागी जनरेटर आला. गुजरात आणि मध्य प्रदेशाची सीमा जवळ असल्याने येथल्या प्रेक्षकाला हिंदी परकी नाही. सिनेमाच्या गाण्यांनी लावणीची जागा झपाट्याने खाल्ली. दूरदर्शन आणि व्हिडिओने प्रेक्षक ओढले, पण सर्वांत खोल घाव बसला तो वेळेवर. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली झाले आणि जुलै 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावरील बंदी कायम केली. झोपेचा हक्क खराच, परंतु पहाटे संपणारा वग दहाच्या आत बसत नाही. गण-गौळण उरकली जाते, गाणी राहतात आणि वग कापला जातो.

25 मार्च 2020 रोजी, ऐन गुढीपाडव्याला देशभर टाळेबंदी सुरू झाली. चैत्र-वैशाख हीच फडाची मुख्य कमाई. ती त्या वर्षी बुडाली आणि पुढच्याही. सावकाराची उचल डोक्यावर असलेले कलावंत शेतमजुरीला गेले.

अहिराणी गाण्याची मागणी मात्र आटली नाही, तिने वाट बदलली. लग्नाच्या बॅण्डमध्ये ट्रम्पेट आणि साइड ड्रमसोबत गाडीवर कीबोर्ड आणि गायक आले, हळदीच्या रात्री पावरीची धून कीबोर्डवर वाजू लागली. ‘हाई झुमका वाली पोर’ किंवा अण्णा सुरवाडे यांचे ‘बबल्या इकस केसावर फुगे’ ही अहिराणी गाणी मोबाइलवरून खानदेशाबाहेर पोहोचली आणि परतून त्याच बॅण्डच्या गाडीवर वाजली. फडांमध्येही आता ती गाणी होतात.

गाणी अशी टिकतील. वगाचे तसे नाही. तो सोंगाड्याच्या तोंडी आणि मालकाच्या वहीत असतो, आणि त्यातला हजरजबाब वहीतही उतरत नाही. जळगाव-धुळ्याकडचे जुने कलावंत अजून बोर्डावर उभे राहतात तोवर एकेक वग सुरुवातीपासून शेवटपर्यंत ध्वनिमुद्रित करून ठेवला पाहिजे, त्यातल्या अहिराणीसकट.