रजिस्ट्रीत आपण ‘लॉगिन’ आहोत का? खात्री कशी करावी

संगणकाची आज्ञावली तिला लागणाऱ्या सर्व सामग्रीसह एका पेटीत बंद करून कोठेही नेता यावी, ही कल्पना २०१३ मध्ये आलेल्या ‘डॉकर’ने घरोघरी नव्हे, तरी कार्यालयोकार्यालयी पोहोचवली. या पेटीचा साचा म्हणजे ‘इमेज’ आणि इमेज साठवण्याचे कोठार म्हणजे ‘रजिस्ट्री’. ‘डॉकर हब’ ही त्यांतील सर्वांत परिचित रजिस्ट्री. तेथील सार्वजनिक इमेज ओळख न देताही उतरवता येतात. मात्र नोव्हेंबर २०२० मध्ये डॉकर हबने मर्यादा घातली : निनावी ग्राहकाला एका आयपी पत्त्यावरून सहा तासांत १०० वेळा, तर मोफत खाते असलेल्याला २०० वेळा. एकाच इंटरनेट जोडणीवर पन्नास अभियंते बसलेल्या कचेरीत हा फरक लगेच जाणवतो.

खासगी इमेज मागताना लॉगिन नसेल, तर नकार मिळतो. हा नकार मोठा फसवा असतो. ‘अशी इमेज अस्तित्वात नाही किंवा लॉगिनची गरज असावी’ अशा आशयाचा एकच संदेश दोन्ही परिस्थितींत येतो. खासगी वस्तूचे अस्तित्वही परक्याला कळू नये, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. पण नावातील एका अक्षराची चूक शोधायची की परवलीचा शब्द, हे कळेनासे होते. म्हणूनच लॉगिनची स्थिती आधी तपासावी.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. बँकेच्या संकेतस्थळावर असते तसे हे चालू ‘सत्र’ नसते. ‘डॉकर लॉगिन’ ही आज्ञा दिली की रजिस्ट्री ओळख पडताळते आणि ती ओळख आपल्याच संगणकावर नोंदवून ठेवली जाते. पुढे प्रत्येक मागणीसोबत तीच दाखवली जाते. ही नोंद आपल्या गृह-फोल्डरातील ‘डॉट डॉकर’ या लपलेल्या फोल्डरात, ‘कॉन्फिग डॉट जेसन’ या फाइलीत असते. फाइलीत रजिस्ट्रीचे नाव दिसले, तर कधीतरी लॉगिन झाले होते एवढेच सिद्ध होते. ती ओळख आज ग्राह्य आहे, हे नव्हे. ॲमेझॉनच्या ‘ईसीआर’ रजिस्ट्रीचे टोकन बारा तासांतच निरुपयोगी होते. नोंद मात्र जागच्या जागी राहते.

‘डॉकर इन्फो’ या आज्ञेच्या उत्तरात वापरकर्त्याचे नाव शोधण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो अपुरा आहे. ते नाव फक्त डॉकर हबपुरते असते आणि ओळख मॅकच्या ‘कीचेन’सारख्या तिजोरीत ठेवली असेल, तर दिसेलच असे नाही. ‘पॉडमॅन’ वापरणाऱ्यांची सोय बरी : ‘पॉडमॅन लॉगिन’ला ‘गेट-लॉगिन’ हा पर्याय जोडून रजिस्ट्रीचे नाव दिले की वापरकर्ता कळतो. पण तेही स्थानिक नोंदच वाचते.

खरा कौल रजिस्ट्रीच देऊ शकते. रजिस्ट्रीचे नाव देऊन ‘डॉकर लॉगिन’ पुन्हा चालवावे. जुनी ओळख वैध असेल तर काहीही न विचारता ‘लॉगिन सक्सीडेड’ असे उत्तर येते. अन्यथा ओळख नव्याने मागितली जाते. अर्थात लॉगिन यशस्वी झाले म्हणजे प्रत्येक इमेजवर हक्क मिळाला असे नाही. हवी ती खासगी इमेज प्रत्यक्ष उतरवून पाहणे, ही त्याहून पक्की कसोटी.

एवढे करूनही नकार येत असेल, तर ‘सुडो’कडे पाहावे. लॉगिन स्वतःच्या नावाने आणि इमेजची मागणी सुडो लावून केली, तर डॉकर सहसा ‘रूट’च्या फोल्डरातील नोंद शोधतो, तेथे काहीच नसते. कुबरनेटिससाठीही आपल्या लॅपटॉपवरील लॉगिन उपयोगाचे नाही. त्याला गुप्त ओळख वेगळी पुरवावी लागते.

तिजोरी जोडलेली नसेल, तर त्या फाइलीतील परवलीचा शब्द ‘बेस-६४’ या रूपात असतो. ते कुलूप नव्हे, केवळ लिपी बदलणे आहे. फाइल हाती आलेला कोणीही तो क्षणात वाचू शकतो. त्यामुळे परवलीच्या शब्दाऐवजी मर्यादित अधिकारांचे टोकन वापरावे. ‘डॉकर लॉगआउट’ने फक्त आपल्या संगणकावरील नोंद पुसली जाते. टोकन फुटल्याचा संशय असेल, तर ते रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर जाऊनच रद्द करावे लागते.