जेवणाचा प्रश्न

कॉलेजचे दार उघडे असले म्हणजे सर्व धर्मांची मुले आपोआप आत येतात, असे आपण धरून चालतो. मी शाळामास्तर, हुशार पोराचे शिक्षण पुष्कळदा राहण्याजेवण्यापाशीच अडते, हे मी पाहत आलो आहे.

कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० साली निघाले. पण खेड्यातल्या मुलाने शहरात जेवायचे कोठे? ब्राह्मणाचा गरीब मुलगा वार लावून, माधुकरी मागून शिके. मुसलमान, जैन, लिंगायत मुलास हा आधार कोठला? सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात त्याला परक्या घरी पान कोण मांडणार?

शाहू महाराजांनी हे नेमके हेरले. १९०१ साली मराठा व जैन वसतिगृहे निघाली, १९०७ साली लिंगायतांचे, १९०८ साली अस्पृश्यांचे. मधल्या १९०६ साली महाराजांनी मुसलमान मंडळींची सभा बोलावून मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढविली आणि अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. छत्रपतीच पाठीशी आहेत म्हटल्यावर बापाला मुलगा धाडायला धीर आला असेल.

धर्मवार वसतिगृहांनी भिंती उभारल्या, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच पोकळ नाही. परंतु ताट वेगळे मिळाले म्हणूनच ही मुले शहरात टिकली आणि एका बाकावर बसू शकली, हेही विसरून कसे चालेल? दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग आजही उभे आहे. प्रवेशाच्या जाहिराती काढणाऱ्या चालकांनी एकदा तिकडे जाऊन यावे.