मुंबईचे सर पर्सिव्हल आणि दोन फुलदाण्या

सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म १८९२ साली मुंबईतल्या बगदादी ज्यू घराण्यात झाला. तरुणपणी त्यांना जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचा छंद लागला. नुसती भांडी जमवून त्यांचे समाधान होईना. त्यांवरची अक्षरे वाचता यावीत म्हणून ते चिनी भाषा शिकले.

त्यांनी वेगवेगळ्या मालकांकडून मिळवून एकत्र आणलेल्या दोन निळ्या-पांढऱ्या फुलदाण्यांवर, त्या १३५१ साली देवळाला वाहिल्याची नोंद आहे. ही कला चौदाव्या शतकातच बहरली होती, हे त्या नोंदीमुळेच विद्वानांना पटले. आज हा जोड लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

वाचकहो, आपण हिंदुस्थानातून आणलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवरही नावे आणि साले घातलेली असतात. ती मोडीत काढण्यापूर्वी नातवंडांना वाचून दाखवावीत. मराठी अक्षरे वाचणारे आता घरात आपणच उरलो आहोत.