चाकाच्या मधल्या भोकाची कुळकथा

बैलगाडीचा सगळा भार तुंब्यातल्या भोकावर. आख घातला, वंगण लावलं, चाक अडवणारी कुणी ठोकली की गाडी चालू. भोक थोडं ढिलं झालं तरी बैलांच्या चालीत ते कुणाला जाणवत नाही.

मोटारीने भोकाचं हे काम काढून घेतलं. सुरुवातीच्या मोटारींची चाकं सहज निघत नसत. पंक्चर झालं की टायर रस्त्यातच उतरवायचा. 1904 मध्ये वेल्समधल्या लानेलीच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी हवा गेलेल्या चाकावर चढवायचं जादा चाक काढलं. त्या गल्लीचं नाव आजही आपल्या डिकीत पडून असतं. मग नट-बोल्टने निघणारी पोलादी चाकं आली. निमुळता नट आवळत गेलं की चाक आपसूक मध्यावर येई. मधलं भोक उरलं ते, चाक ज्यावर बसतं त्या हबचं तोंड बाहेर यायला.

वेग वाढला तसे त्याचे दिवस फिरले. चाक अर्धा मिलिमीटर जरी सरकून बसलं, तरी द्रुतगती मार्गावर स्टिअरिंग थरथरू लागतं. म्हणून हबच्या कडेला नेमकं मशीनिंग करून चाक आधी तिच्यावर बसवायचं आणि मग बोल्ट आवळायचे, ही रीत रुळली. हबचं माप मात्र ज्याने त्याने आपल्या बेअरिंगप्रमाणे ठरवलं.

पुण्यात अशी वेगवेगळ्या मापांची दोन घराणी शेजारी आली. मर्सिडीजची जुळणी 1995 मध्ये टेल्कोच्या पुण्यातल्या आवारात सुरू झाली; 2009 मध्ये तिने चाकणला स्वतःचा कारखाना थाटला. त्याच वर्षी फोक्सवॅगनही चाकणला आली. मर्सिडीजच्या बहुतेक मोटारींचं भोक 66.6 मिमी, फोक्सवॅगनच्या पोलोचं 57.1. दोघी जर्मन, पत्ता चाकणचा आणि मापात साडेनऊ मिलिमीटरचा फरक!

पोलोचे बोल्ट 100 मिमीच्या वर्तुळावर असतात, त्यामुळे तिथे मर्सिडीजच्या चाकांशी अदलाबदलीचा प्रश्नच नाही. खरी गंमत तेव्हाच्या औरंगाबादेत जुळलेल्या, नंतरच्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाव्हियाची. तिचे पाच बोल्ट मर्सिडीजसारखेच 112 मिमीच्या वर्तुळावर, हब मात्र 57.1. मर्सिडीजचं अलॉय चाक चढवलं तर बोल्ट जुळतात आणि मध्ये चहूबाजूंनी पावणेपाच मिमी फट राहते. ती भरायला बाहेरून 66.6 आणि आतून 57.1 मापाची रिंग मिळते. ती प्लास्टिकचीही चालते, कारण गाडीचा भार तिच्यावर नसतोच. बोल्टच्या ताणाने चाक हबच्या तोंडावर दाबलं जातं आणि तिथलं घर्षण तो भार पेलतं. रिंगचं काम बोल्ट आवळेपर्यंत चाक मध्यावर धरायचं.

उलट अदलाबदल करायची तर 57.1 चं चाक मर्सिडीजच्या हबवर चढणारच नाही. ते लेथवर धरून, डायल गेज लावून त्याचं भोक वाढवावं लागतं. त्याआधी भोकाभोवती धातू पुरेसा उरतो का, हे पाहायचं.

एवढं करूनही बोल्टचा प्रश्न उरतोच. फोक्सवॅगन घराण्याच्या बोल्टची बैठक 13 मिमी त्रिज्येची गोल, मर्सिडीजची 12 किंवा 14 ची. म्हणून रिंगबरोबर बोल्टही नवे घ्यावे लागतात: आटे हबच्या मापाचे, बैठक चाकाच्या.