संगणकजालावरील रेंडरिंग

संगणकजालावरील रेंडरिंग : सचेतनपटाच्या म्हणजेच ॲनिमेशनपटाच्या चित्रचौकटी परस्परांशी जोडलेल्या अनेक संगणकांवर वाटून एकाच वेळी सिद्ध करण्याची पद्धती. पात्रांचे त्रिमितीय आकार, हालचाली, पृष्ठभागांचे पोत व प्रकाशयोजना यांविषयीच्या माहितीवरून गणिताने अंतिम चित्र तयार करण्याच्या क्रियेस रेंडरिंग म्हणतात. पडद्यावर दर सेकंदास २४ चौकटी दाखविल्या जातात. त्यामुळे ९० मिनिटांच्या पटास १,२९,६०० चौकटी लागतात. प्रत्येकीस एक तास लागतो असे धरल्यास एका संगणकाला हे काम पुरे करण्यास सुमारे पावणेपंधरा वर्षे लागतील. तेच १०० संगणकांवर ५४ दिवसांत होईल. हालचाली आधीच ठरलेल्या असल्याने एका चौकटीच्या गणनास सहसा दुसरीच्या उत्तराची वाट पहावी लागत नाही, हे या पद्धतीचे मर्म होय.

पूर्वपीठिका : श्रमविभागणीचे हे तत्त्व संगणकापूर्वीचे आहे. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी आगकाड्यांची मौज (१९१५) या लघुपटात काड्या किंचित सरकवून एकेक चौकट टिपली. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने १९५६ च्या सुमारास व्यंगपट विभाग सुरू केला. डिझ्नी संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील चित्रकारांना प्रशिक्षण दिले आणि १९५७ मध्ये द बनियन डिअर हा पट तयार झाला. राम मोहन (१९३१–२०१९) याच विभागात घडले. अशा पटांत मुख्य चित्रकार हालचालीच्या प्रमुख अवस्था रेखाटतो, मधली चित्रे साहाय्यक काढतात आणि रंगकाम आणखी इतर करतात. संगणकजालाने ही विभागणी यंत्रांपर्यंत नेली.

विकास : पूर्णतः संगणकावर तयार झालेला पहिला दीर्घ कथापट टॉय स्टोरी (१९९५) हा होय. त्याच्या रेंडरिंगसाठी पिक्सार संस्थेने ११७ संगणक अहोरात्र चालविले. सुमारे ८ लाख यंत्रतास खर्ची पडले; एकाच यंत्रावर हे काम ९० वर्षांहून अधिक चालले असते. १९९४ मध्ये नासातील संशोधकांनी १६ सामान्य संगणक जोडून बेवुल्फ हा समूह उभारला व महागड्या महासंगणकाला स्वस्त पर्याय दाखविला. टायटॅनिक (१९९७) या चित्रपटाच्या दृश्यपरिणामांसाठी सुमारे १६० संगणकांचा समूह वापरण्यात आला. भारतात समांतर संगणनाची वाट वेगळ्या गरजेतून निघाली : अमेरिकेने महासंगणक नाकारल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० सिद्ध झाला.

कार्यपद्धती व मर्यादा : एक नियंत्रक संगणक चौकटींची रांग ठेवतो व मोकळ्या होणाऱ्या यंत्रास पुढची चौकट देतो. एखादे यंत्र बंद पडल्यास त्याची चौकट दुसऱ्याकडे जाते. सर्व यंत्रांवर आज्ञावलीची एकच आवृत्ती असावी लागते. अन्यथा लागोपाठच्या चौकटींत रंगछटा बदलून चित्र लुकलुकते. यंत्रे वाढविली की वेग त्याच प्रमाणात वाढतो, असे मात्र नाही. यवतमाळसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात मजूर वाढविल्यास वेचणी लवकर आटोपते. परंतु जिनिंगच्या दाराशी गाड्यांची रांग लागली, तर तो लाभ तेथेच अडतो. सामाईक साठवण व जालाची वहनक्षमता यांची स्थिती अशीच असते. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादानुसार कामाचा ५% भाग अविभाज्य असल्यास वेग कितीही यंत्रांनी २० पटींपलीकडे जात नाही. शिवाय वाचलेला वेळ केस, पाणी व प्रकाश यांच्या अधिक तपशिलांत खर्च होतो. म्हणून यंत्रे वेगवान होऊनही एका चौकटीचा काळ फारसा घटलेला नाही.

महाराष्ट्रातील स्थिती : जालामुळे काम अंतरावर अवलंबून राहिले नाही. लॉस अँजेल्सच्या ऱ्हिदम अँड ह्यूज या संस्थेने २००१ मध्ये मुंबईत शाखा काढली. लाइफ ऑफ पाय (२०१२) या चित्रपटातील तिच्या दृश्यपरिणामांस ऑस्कर पारितोषिक फेब्रुवारी २०१३ मध्ये मिळाले. त्याच महिन्यात संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. रोडसाइड रोमिओ (२००८) मुंबईत व दिल्ली सफारी (२०१२) पुण्यात तयार झाला. यंत्रांचा वेग विकत घेता येतो. कथा, रेखाटन व हालचालीची जाण मात्र माणसांनाच कमवावी लागते आणि त्या माणसांच्या उपजीविकेची हमी तो वेग देत नाही, हे या इतिहासावरून दिसते.