कपाशींतील करडा सोंडकिडा

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया व तह आठवतात. परंतु ज्या पिकांच्या साऱ्यावर राज्यें चाललीं, त्या पिकांत न विचारतां वांटा घेणाऱ्या क्षुद्र जीवांसही इतिहास आहे. तो मात्र फार उशिरां लिहिला गेला. करड्या सोंडकिड्याची कथा अशीच आहे.

पावसाळ्यांत नंदुरबार, शहादें, तळोदें या भागांतील काळ्या जमिनींत कपाशीचीं पानें वाचकांनीं न्याहाळून पाहावींत. कांहीं पानांच्या कडा कातरल्यासारख्या दिसल्या, तर तें बहुधा याचेंच काम होय. गव्हाच्या दाण्याएवढें शरीर, राखेसारखा रंग व त्यावर काळसर ठिपके. धान्यांतील सोंडकिडा याचाच भाऊबंद. पण त्याच्यासारखी लांब सोंड याला नाहीं. बोट लागतांच पाय आंखडून हा खालीं पडतो व मेल्याचें सोंग घेतो.

योहानेस फाउस्ट या जर्मन कीटकशास्त्रज्ञानें १८९१ सालीं या जातीचें वर्णन केलें व तिला 'मायलोसेरस अंडेसिमपुस्ट्युलाटस' असें नांव दिलें. त्यांतील दुसऱ्या शब्दांत अकरा ठिपक्यांचा निर्देश आहे. पुढें १९१६ सालीं गाय मार्शल यांनीं ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेंत सोंडकिड्यांवर स्वतंत्र खंड लिहिला.

अशा वर्णनांना आधार असतो तो टांचणीला टोंचलेल्या वाळक्या किड्याचा. त्यावरून जात ओळखतां येते. जीवनक्रम कळत नाहीं. त्यासाठीं शेतांतली माती उकरावी लागते. मादी जमिनींत अंडीं घालते. त्यांतून निघालेली पांढुरकी, बिनपायांची अळी मुळें कुरतडते व मातींतच कोशांत जाते. वर पान खाणारा व खालीं मूळ खाणारी, हीं एकाच जीवाचीं दोन रूपें होत. रोप कोमेजलें कीं शेतकरी पावसाला किंवा दैवाला दोष देतो. खरा चोर पायांखालीं असतो.

हा चोर घरकोंबडाही नाहीं. याच जातीची लंकेकडील उपजाती २००० सालीं अमेरिकेंतील फ्लोरिडांत आढळली, आणि तेथें शंभराहून अधिक वनस्पतींवर तिचा निर्वाह चालतो.

फाउस्टनें नांव दिलें तेव्हां नंदुरबार अखंड खानदेशांत होतें. १९०६ सालीं तें पश्चिम खानदेशांत गेलें. १ जुलै १९९८ रोजीं स्वतंत्र जिल्हा झालें. सरकारी दप्तरांतील सीमा अशा बदलत गेल्या. किड्याचा क्रम बदलला नाहीं. पीक निघाल्यावर खोल नांगरट केली, तर मातींतील अळ्या व कोश उघडे पडतात आणि ऊन व पांखरें त्यांचा समाचार घेतात. शास्त्रानें दिलेलें लांबलचक नांव शेतकऱ्याला पाठ नसलें तरी चालेल. पण कातरलेलें पान दिसतांच मुळाशीं पाहावें, एवढें ज्ञान त्याच्या बांधापर्यंत पोहोंचलें पाहिजे. तें पोहोंचविणें हें आपणां शिकलेल्यांचें काम आहे.