कॅमेऱ्याला किंमत दिसत नाही

दिवाळीच्या तोंडावर फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या गृहिणी, मसाले-लोणची विकणारे बचत गट, घरी साबण आणि मेणबत्त्या बनवणारी मंडळी, या सगळ्यांना एक सल्ला हमखास मिळतो : फोटो चांगले हवेत, तर आधी सेट चांगला हवा. चांगला म्हणजे खऱ्या संगमरवराची लादी, जुन्या सागवानाचे टेबल, लिननचे नॅपकिन. ते परवडत नसेल, तर तासाच्या हिशेबाने भाड्याचा स्टुडिओ. प्लायवर पुट्टी फासून घरी केलेला बॅकड्रॉप म्हणजे अडलेल्याचा जुगाड. तूर्त चालवून घ्यायचा आणि चार पैसे आले की माळ्यावर टाकायचा. हे मत इतके रुळले आहे की धंदा सुरू होण्याआधीच अनेकांचे भांडवल लादीत आणि लाकडात अडकते. म्हणून ते एकदा तपासायला हवे.

पूर्वपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडू. त्याचे मुद्दे तीन. पहिला : कॅमेऱ्यापुढे नकली लपत नाही, रंगवलेले रंगवलेलेच दिसते. दुसरा : पार्श्वभूमीची प्रतिष्ठा वस्तूला चिकटते, लाकडी फळकुटावरच्या चकलीपेक्षा संगमरवरावरची चकली जास्त भावाची वाटते. तिसरा मुद्दा नैतिक : दगड नसताना दगड भासवणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. तिन्हींत थोडेथोडे तथ्य आहे, म्हणून तर हे मत टिकून आहे. पण त्यातून ‘म्हणून पैसे घाला’ हा निष्कर्ष निघत नाही.

पहिल्या मुद्द्यासाठी पूर्वपक्षाला साक्षीदार हवा असेल तर तो कोल्हापुरातच मिळेल. बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवण्यात नाव कमावलेले कलावंत. पण 1920 च्या ‘सैरंध्री’पासून चित्रपट करू लागले तेव्हा त्यांनी पडद्यांवर भिस्त ठेवली नाही, खोली, जाडी आणि उंचसखलपणा असलेले घडीव देखावे उभे केले. पडद्यावर हुकमत असलेल्या माणसाने पडदा सोडला, याहून मोठा पुरावा कोणता? मात्र त्यांनी नेमके काय सोडले, ते पाहायला हवे. सोडली ती सपाट कापडावरची चितारलेली खोली. रंगवलेल्या खांबाची सावली एकदा डावीकडे काढली की ती कायमची डावीकडेच. दिवा कुठेही न्या, ती हलत नाही. चित्रपटासाठी उभारलेले देखावेही खरे राजवाडे नव्हतेच. ते लाकूड, कापड आणि रंगाचेच होते. फक्त त्यांच्या सावल्या खऱ्या होत्या.

आज बाजारात मिळणाऱ्या छापील व्हिनाइल बॅकड्रॉपचा दोष हाच आहे. विटांची भिंत छापलेली असते, विटांच्या सांध्यांतली सावली वरून पडलेली असते, आणि आपली खिडकी असते उजवीकडे. पाहणाऱ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, पण काहीतरी बिनसले आहे हे त्याला कळते. तेव्हा ‘नकली पकडले जाते’ हे खरे. पण पकडली जाते ती छापील सावली. हाताने खरबरीत केलेल्या पुट्टीच्या फळीवर सावली छापलेली नसते. ती आपल्याच दिव्याने पडते आणि दिवा हलला की तीही हलते. या कसोटीवर घरची फळी विकतच्या छपाईपेक्षा सरस ठरते.

पृष्ठभागाबद्दल कॅमेरा नोंदवतो त्या गोष्टी मोजक्या आहेत : पडलेल्या उजेडातला किती परत आला, तो एकाच दिशेने आला की चहूकडे पसरून आला, आणि उंचवट्यांनी कुठे कुठे सावल्या धरल्या. खरेदीची पावती यात येत नाही. पांढरा कागद पडलेल्या उजेडातला साधारण 90 टक्के परत करतो. छायाचित्रणातला प्रमाण करडा रंग 18 टक्के. आता बिंदूसारख्या छोट्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, हे शाळेतले भौतिकशास्त्र इथे लावून पाहा. लोणच्याच्या बरणीपासून 1 फुटावर दिवा आहे आणि मागची पांढरी भिंत दिव्यापासून 3 फुटांवर. भिंतीवर बरणीच्या एक नवमांश उजेड पोहोचेल. त्यातला 90 टक्के परत आला, तरी बरणी नीट उजळ दिसेल अशा एक्स्पोजरमध्ये हिशेब 10 टक्क्यांचाच. म्हणजे पांढरी भिंत फोटोत प्रमाण करड्याहूनही गडद. भिंत 5 फुटांवर गेली की उजेड पंचविसावा हिस्सा, परतावा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि खोलीत दुसरा उजेड नसेल तर तीच चुन्याची भिंत जवळपास काळी. खिडकीसारख्या मोठ्या उगमाला हा नियम इतका नेमका लागू पडत नाही, पण कल तोच राहतो. एकाच भिंतीतून तीन पार्श्वभूम्या निघतात, आणि त्यासाठी सरकवायचे असते फक्त टेबल.

महाग दगड तर बहुधा अडचणच करतो. घोटून आरसा केलेला काळा ग्रॅनाइट घ्या. ताट त्यावर ठेवून वरून फोटो काढला की खिडकीचा पांढरा चौकोन, छतावरची ट्यूबलाइट आणि फोन धरलेला हात, तिन्ही ताटाभोवती उमटतात. आपात कोन आणि परावर्तन कोन सारखा असतो. तो नियम दगडाचा भाव पाहून बदलत नाही. त्याऐवजी फरशीवाल्याकडे उरलेला कडप्प्याचा तुकडा आणा आणि घोटलेली बाजू खाली, खरबरीत बाजू वर ठेवा. उजेड चहूकडे पसरतो, चकाकी मरते, ताट उठून दिसते. बोलोन्याचा चित्रकार जॉर्जिओ मोरांदी (1890-1964) आयुष्यभर आपल्या खोलीतल्या त्याच त्या बाटल्या आणि डबे मांडून चित्रे काढत राहिला. त्यातल्या कित्येक बाटल्यांना त्याने आधी निस्तेज रंग फासला होता, चमक आणि लेबले नकोत म्हणून. वस्तूंची मांडणी ज्यांनी सर्वाधिक विचारपूर्वक केली, अशांपैकी एकाने चमक विकत घेतली नाही. होती ती घालवली.

अशी फळी करायची कशी, तेही सांगतो, कारण वाद हातात फळी घेऊन केलेला बरा. 6 मिलिमीटर प्लायचा 2 बाय 3 फुटांचा तुकडा पुरतो. त्याला दोन्ही बाजूंनी प्राइमर द्यायचा. एकाच बाजूला ओल बसली तर फळी वाळताना उन्हातल्या पापडासारखी वाकते. मग वॉल पुट्टी घट्ट दह्याइतकी कालवून रंगाऱ्याच्या पत्र्याने पसरायची. भिंतीला लांबी भरताना रंगारी जे टाळतो, ते इथे मुद्दाम करायचे : पत्रा वेगवेगळ्या दिशांनी ओढायचा, मध्येच उचलायचा, कडा राहू द्यायच्या. अर्धवट वाळल्यावर दुसरा पातळ हात. पूर्ण वाळली की करड्या रंगात काळ्या आणि निळ्या स्टेनरचे थेंब टाकून ओल्या स्पंजने थोपटायचे आणि शेवटी बारीक पॉलिश पेपर फक्त उंचवट्यांवरून फिरवायचा. उंचवटे फिकट होतात, खळग्यांत रंग राहतो. वर मॅट वॉर्निशचे दोन पातळ हात, नाहीतर हळदीचा आणि तेलाचा पहिला डाग कायमचा. चकचकीत वॉर्निश मारले तर केले-सवरले सगळे पाण्यात. मागच्या बाजूला दुसरा रंग दिला की एका फळीत दोन सेट होतात, आणि हा सगळा खर्च साधारण हजाराच्या आत बसतो.

इथे प्रमाणाचा प्रश्न येतो, आणि विकतच्या खऱ्या वस्तू बहुतेक वेळा तिथेच हरतात. जमिनीच्या किंवा टेबलाच्या लाकडी पट्ट्या माणसाच्या मापाच्या असतात. त्यांवर अडीच इंची मसाल्याची डबी ठेवली की अख्खी डबी एका पट्टीत मावते आणि खेळण्यातली दिसते. पॅकिंगच्या खोक्याच्या अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी ठोकल्या, तर तीच डबी भारदस्त वाटते. संगमरवराच्या शिरांचेही तेच : दिवाणखान्यात शोभणारी लांब शीर एका वाटीच्या मागे नुसती तडा गेल्यासारखी दिसते. स्वतः केलेल्या फळीवर खरखरीचे माप आपल्या हातात असते, खाणीतल्या दगडावर ते नसते.

आता प्रतिष्ठेचा मुद्दा. आपल्या फराळाचा रंग पाहा : चकली, शेव, चिवडा, अनारसे, शंकरपाळे, सगळे पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत. जुन्या सागवानावर हे ठेवले की तपकिरीवर तपकिरी, आणि चकलीचे काटे लाकडाच्या रेषांत हरवतात. उकडीचा मोदक पांढऱ्या संगमरवरावर ठेवा. कळ्या दिसेनाशा होतात. या पदार्थांना हवी निळसर करडी किंवा गडद मातकट फळी, जी सल्ल्यातल्या ‘श्रीमंत’ यादीत नसतेच.

जिथे प्रतिष्ठेचाच व्यापार चालतो, तिथले दाखलेही पूर्वपक्षाच्या विरोधात जातात. छायाचित्रकार अर्व्हिंग पेन याने 1950 मध्ये ‘व्होग’साठी पॅरिसच्या महागड्या पोशाखांचे फोटो काढले ते एका जुन्या, विटलेल्या नाटकाच्या पडद्यापुढे, खिडकीच्या उजेडात. तो पडदा त्याने पुढे आयुष्यभर जपून वापरला. त्याआधी 1948 मध्ये त्याने स्टुडिओतले दोन उभे फलक एकमेकांना भिडवून अरुंद कोपरा केला, जुना गालिचा अंथरला आणि नामांकित माणसांना त्या कोपऱ्यात उभे केले. छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनची 1930 ची ढोबळी मिरची जगातल्या सर्वांत गाजलेल्या वस्तुचित्रांपैकी एक आहे. ती ठेवली होती पत्र्याच्या नरसाळ्यात. नरसाळ्याच्या वळलेल्या आतल्या बाजूने उजेड फेकला आणि मिरचीच्या कडा उजळल्या. आजच्या बाजारपेठेतच पाहायचे, तर ॲमेझॉनवर वस्तूच्या मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते, आरजीबी 255, 255, 255, आणि वस्तूने चौकटीचा 85 टक्के भाग व्यापावा लागतो. टेबलावरून भिंतीवर वळवून चिकटवलेला पांढरा कार्डशीट, हा त्याचा सेट.

फसवणुकीचा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचा निवाडा न्यायालयात झालेला आहे. अमेरिकेत कोलगेट-पामोलिव्हच्या दाढीच्या क्रीमच्या जाहिरातीत सॅण्डपेपरवर क्रीम लावून लगेच वस्तरा फिरवून दाखवला होता. प्रत्यक्षात तो सॅण्डपेपर नव्हता. प्लेक्सिग्लासवर वाळू टाकलेली होती. खरा सॅण्डपेपर तितका मऊ व्हायला सुमारे 80 मिनिटे लागत. 1965 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. पण त्याच निकालात बटाट्याच्या लगद्याचेही उदाहरण आहे : दिव्यांच्या उष्णतेत आइस्क्रीम वितळते म्हणून त्याजागी लगदा दाखवला आणि तो दाव्याचा पुरावा म्हणून वापरला नाही, तर ती गोष्ट वेगळी. 1970 च्या सुमारास कॅम्पबेल सूपच्या जाहिरातीत भाज्या वर दिसाव्यात म्हणून बशीत काचेच्या गोट्या घातल्याचे प्रकरणही दिशाभूल म्हणूनच गाजले. रेघ स्पष्ट आहे. गिऱ्हाईक जे विकत घेणार, त्यात खोट नको. आपल्याकडचा 2019 चा ग्राहक संरक्षण कायदाही दिशाभूल पाहतो ती वस्तूच्या किंवा सेवेच्या बाबतीतच. लोणच्याच्या बरणीखालची फळी कोणी विकत घेत नाही. बरणीत कैरीच्या फोडी कमी आणि खार जास्त असताना फोडी काचेला चिकटवून दाखवल्या, तर ती फसवणूक. आणि ती खऱ्या संगमरवरावर केली तरी फसवणूकच.

पूर्वपक्षाचे जे खरे आहे ते मान्य करायला हवे. हाताने पीठ मळताना, सुरीने फळ चिरताना खरा ओटा किंवा खरा पाट लागतो; पुट्टीची फळी पाण्याने आणि घासण्याने सोलवटते. रंगवलेल्या फळीवर खाण्याचा पदार्थ थेट ठेवू नये. मध्ये ताट, केळीचे पान किंवा कागद हवा. आणि रोज शेकड्यांनी वस्तूंचे फोटो काढायचे असतील, तर फळ्या करत बसण्यापेक्षा भाड्याचा स्टुडिओ स्वस्त पडेल. पण ही सगळी कामाची गणिते आहेत. त्यातून ‘महाग तेच चांगले दिसते’ हे सिद्ध होत नाही.

तेव्हा ज्यांना यंदा फराळाचे किंवा मसाल्याचे फोटो काढायचे आहेत त्यांनी एक करडी-निळसर दुतोंडी फळी करावी, एक पांढरा कार्डशीट आणि गडद पार्श्वभूमीसाठी काळ्या मखमलीचा दोन वार तुकडा आणावा, आणि खिडकीजवळ एक टेबल कायमचे मोकळे ठेवावे. संगमरवरासाठी बाजूला काढलेले पैसे चांगल्या तेलात आणि साजूक तुपात घालावेत. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते ते त्यासाठी.